ग्राहकाने केलेली जाहिरात

जाहिरातींचा इतिहास लिहिणारे बहुधा छापील मजकुरापासून सुरुवात करतात. मर्सिडिस-बेंझच्या बाबतीत मात्र ती वाट अपुरी पडते. या मोटारीचा बोलबाला कंपनीच्या जाहिरात विभागापेक्षा ती वापरणाऱ्यांनी आणि विकत घेणाऱ्यांनी अधिक केला; आणि त्या परंपरेतला एक ठळक प्रसंग आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात घडला.

आरंभ घरातूनच झाला. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेल्या तीनचाकी गाडीतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत इंधनाची सोय औषधाच्या दुकानातून करावी लागली. ही गाडी माणसाला परगावी नेऊ शकते, एवढे लोकांना दिसले.

याहून बोलका प्रसंग एमिल येलिनेकचा. नीस शहरातल्या धनिकांत वावरणाऱ्या या व्यापाऱ्याने १९०० साली डाइमलर कंपनीकडे एकरकमी ३६ मोटारींची मागणी नोंदवली. किंमत साडेपाच लाख मार्क. नव्या मोटारीला आपल्या मुलीचे नाव द्यावे, असेही ठरवून घेतले. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यती या मोटारीने जिंकल्या आणि १९०२ मध्ये 'मर्सिडिस' हे नाव कंपनीची नोंदणीकृत मुद्रा झाले. (बेंझ त्या वेळी प्रतिस्पर्धी होते, दोन्ही कंपन्या १९२६ मध्ये एक झाल्या.) म्हणजे आज ज्या शब्दाला आपण प्रतिष्ठेचा पर्याय मानतो, तो मुळात एका घाऊक गिऱ्हाइकाचा हट्ट होता.

ग्राहकाच्या तोंडून बोलण्यात जोखीमही असते. '७७०' या अवाढव्य मोटारीत उभा राहिलेला हिटलर असंख्य छायाचित्रांत आहे. ती जाहिरात मागे घेण्याची सोय नाही.

ऑक्टोबर २०१० मध्ये 'औरंगाबाद ग्रुप' म्हणवणाऱ्या खरेदीदारांनी एकाच वेळी दीडशे मर्सिडिस मोटारी घेतल्या. किंमत सुमारे पासष्ट कोटी रुपये. पुण्याजवळ चाकणला कारखाना असलेल्या कंपनीला एवढी प्रसिद्धी पैसे मोजून मिळाली नसती. परंतु खरेदीदारांना कंपनीची नव्हे, शहराची जाहिरात करायची होती. औरंगाबाद गुंतवणूकदारांच्या नकाशावर यावे, हा त्यांचा उघड हेतू होता.

या प्रकाराला हसणे आपल्यासारख्या साहित्याच्या माणसांना सोपे आहे. मला मात्र त्यात एक जुने दुखणे ऐकू येते. मराठवाड्याचे वर्णन वर्षानुवर्षे 'मागास' आणि 'दुष्काळी' या दोन विशेषणांत उरकले गेले. ती विशेषणे बाहेरच्यांनी दिली होती. त्यांना उत्तर द्यावेसे वाटणे समजू शकते. खटकते ते असे की, उत्तरासाठी निवडलेली भाषाही बाहेरचीच होती. त्याच वर्षी कंपनीने 'सर्वोत्तम, नाहीतर काहीच नाही' हे गोटलीप डाइमलर यांच्या नावावर सांगितले जाणारे वाक्य पुन्हा घोषवाक्य म्हणून पुढे आणले होते. ज्या प्रदेशात अनेकांच्या वाट्याला त्याचा उत्तरार्धच येतो, तिथे ते वेगळेच ऐकू येते.

पी. साईनाथ यांनी त्या वर्षअखेरीस नेमके तिकडेच बोट दाखवले. या मोटारींसाठी सरकारी बँकेने सात टक्के व्याजाने कर्ज दिले, ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला मात्र त्याहून चढे व्याज पडत होते. 'इथे पैसा आहे' असे सांगणाऱ्या जाहिरातीतला बराचसा पैसा कर्जाऊ होता, हे त्यामुळे चव्हाट्यावर आले.

नावापुरते एक सांगायचे राहिले. येलिनेकने १९०३ मध्ये स्वतःचे आडनावच 'येलिनेक-मर्सिडिस' करून घेतले. औरंगाबादच्या मंडळींनी उलट केले, आपल्या गटाला शहराचे नाव दिले. शहराचे ते नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदलले. दीडशे मोटारींची बातमी जुन्या नावानेच शोधावी लागते.