चिपळूणच्या छावणींतील शिपायाचा दिनक्रम

शिवकालीन शिपायाचें शौर्य बखरकारांनीं पुष्कळ वर्णिलें आहे. त्याचे छावणींतले दिवस मात्र क्वचितच दृष्टीस पडतात. राज्याभिषेकाच्या (१६७४) सुमारास शिवाजी महाराजांनीं चिपळूण तालुक्यांतील हलवर्ण येथील पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकून यांस लिहिलेलें पत्र ही उणीव बरीच भरून काढतें.

सभासदाच्या म्हणण्याप्रमाणें पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि तितक्याच घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद असे. पावसाळ्यांत मोहीम थांबली तरी काम थांबत नसे. दाणावैरण रोज बेतानें देणें हें त्यांतील मुख्य. आतांच उधळपट्टी केली तर ऐन पावसांत घोडीं उपाशीं मरतील, आणि तीं तुम्हींच मारलीं असें होईल, असें महाराज बजावतात. रात्रीं दिवा जळत ठेवूं नये. उंदीर पेटती वात ओढून नेईल व गवताला आग लागेल. चुलीचा आणि तंबाखूचा विस्तवहि जपावा. भाजीपाला बाजारांतून रोख विकत घ्यावा.

एवढी काळजी कशासाठीं? वैरण संपली कीं शिपाई कुणब्याच्या दारीं जाणार, आणि त्या गरिबास आपल्यापेक्षां मोगल बरे वाटूं लागणार. उंदरानें नेलेल्या वातीपासून रयतेच्या उद्ध्वस्ततेपर्यंतची वाट महाराजांस स्पष्ट दिसत होती. छावणीची शिस्त म्हणजे रयतेच्या रक्षणाचीच शिस्त होय.