पाणाड्याच्या हातावर नारळ उभा का राहतो?



बीड जिल्ह्यात उन्हाळा लागला की गावोगाव बोअरच्या गाड्या फिरू लागतात. पण गाडीच्या आधी शेतात पाणाड्या येतो. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो चालतो आणि नारळ उभा राहील तिथे खूण करतो. विहारातल्या वर्गात तरुण आम्हाला विचारतात, यात खरे किती? बोअर कोरडा गेला तर कर्ज शेतकऱ्याच्याच डोक्यावर राहते. म्हणून हे प्रश्न आम्ही येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : नारळ उभा राहतो हे तर डोळ्यांनी दिसते, मग ते खोटे कसे?
नारळ उठतो हे खरेच आहे, पण त्याचे कारण जमिनीत नसून हातात आहे. नारळ असा तोललेला असतो की हात किंचित कलला तरी हलतो. 'इथे पाणी असेल' असे मनात आले की स्नायू नकळत हलतात. इंग्लंडचे शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्ये अशा हालचालींचे वर्णन केले. त्यामुळे पाणाड्या मुद्दाम फसवतो असे समजू नये. बहुतेक वेळा त्याचाही त्यावर मनापासून विश्वास असतो.

प्रश्न : मग अनेकदा पाणी लागते कसे?
आपला जिल्हा काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. त्याच्या झिजलेल्या थरात, भेगांत आणि पोकळ्यांत पाणी साठते. अशा जागा बऱ्याच असल्याने अंदाजाने घेतलेल्या बोअरलाही कधीकधी पाणी लागते. शिवाय जुन्या माणसाला सखल जागा, ओल, हिरवी झाडे यांची पारख असते. पाणी लागले की गावभर चर्चा होते, कोरडा गेला की नशिबाला दोष दिला जातो. जर्मनीत कासेल येथे १९९० मध्ये ३० पाणाड्यांची चाचणी झाली. पुरलेल्या नळातून पाणी वाहते आहे की नाही, एवढेच ओळखायचे होते. निकाल निव्वळ अंदाजापेक्षा सरस आला नाही.

प्रश्न : धम्म याबद्दल काय सांगतो?
अंगुत्तर निकायातील कालाम सुत्तात भगवान बुद्धांनी केसपुत्ताच्या कालामांना शिकवले की परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो, एवढ्यावरून काही स्वीकारू नका. स्वतः पडताळा, हित-अहित पाहा. प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे कारणाशिवाय काही घडत नाही. ही कसोटी आपल्या घरालाही लागू आहे. हाताला बांधलेल्या दोऱ्याने परीक्षेत गुण वाढतात असे कोणी म्हणाले, तर त्यालाही आपण हाच प्रश्न विचारला पाहिजे.

प्रश्न : पोलिसांत तक्रार करावी का?
२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत १२ प्रकार दिले आहेत. नारळाने पाणी पाहणे हा प्रकार त्यात नाही. येथे समजावणे हाच मार्ग आहे. तो पाणाडी आपल्याच गावचा एखादा आजा असतो, त्याची टिंगल करू नका.

प्रश्न : पडताळायचे कसे?
त्यांची संमती घ्या. त्यांनी दाखवलेली जागा एकाने कागदावर टिपून ठेवावी, जमिनीवर खूण करू नये. मग त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून वेगवेगळ्या दिशांनी पाच-सहा वेळा शेतातून न्या. हात धरणाऱ्यालाही ती जागा माहीत नसावी. नारळ दरवेळी तिथेच उठतो का, ते सर्वांसमोर नोंदवा.

प्रश्न : मग शेतकऱ्याने काय करावे?
जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे कार्यालय असते, तिथे विचारावे. जमिनीत वीज सोडून खडकाचा रोध मोजण्याची पद्धत आहे. तीही शंभर टक्के हमी देत नाही, पण ती चुकली तर का चुकली हे तपासता येते. शेजारच्या विहिरींची पातळी आणि उतार पाहावा. पाणी मुरवल्याशिवाय नुसते उपसत राहिलो तर उद्या कोणालाच मिळणार नाही. बीडजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकातली. जमिनीखालच्या पाटांतून तिचे पाणी उताराने शेतांपर्यंत नेले. बांधणाऱ्यांनी झरे आणि उतार ओळखले, हेच तिचे रहस्य.

येत्या रविवारी विहारात हा विषय काढा. बोअरचा निर्णय घेणाऱ्या बाबांना आणि काकांनाही बोलवा.