कमांडर सिंक्लेअर कुठे गेला?

ऑक्टोबर १९९४ च्या अखेरीस अमेरिकेत ‘बॅबिलॉन फाइव्ह’ या विज्ञानकथा मालिकेच्या पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग दाखवला गेला, तेव्हा मालिकेचा नायक कमांडर जेफ्री सिंक्लेअर होता. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुसरे पर्व सुरू झाले आणि त्याच्या जागी कॅप्टन जॉन शेरिडन हजर झाला. सिंक्लेअर लढाईत पडला नव्हता की त्याने राजीनामा दिला नव्हता. त्याला मिनबार नावाच्या ग्रहावर पृथ्वीचा राजदूत म्हणून पाठवले आहे, एवढे संवादांतून कळले. निरोपाचा प्रसंग नव्हता. बावीस भाग ज्याच्या आवाजातल्या निवेदनाने सुरू होत होते, तो आवाजही बदलला.

मालिकेतून माणसे जातात, यात नवल नाही. आपल्याकडे नाटकवाल्यांनी त्यासाठी ‘रिप्लेसमेंट’ हा शब्द रुळवला आहे. नट बदलतो, पात्र तेच राहते आणि प्रेक्षक दोन-तीन प्रयोगांत सरावतो. विज्ञानकथेला याहून वेगळ्या वाटा उपलब्ध असतात. १९६६ साली बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’मधील विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळली, तेव्हा लेखकांनी नायकाला शरीरच बदलायला लावले आणि पॅट्रिक ट्राउटन नव्या रूपात उभे राहिले. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’मध्ये डेनिस क्रॉस्बी या अभिनेत्रीला आपल्या भूमिकेत करण्यासारखे फारसे उरले नाही असे वाटले, तिने मोकळे करण्याची विनंती केली आणि १९८८ मध्ये ताशा यार हे तिचे पात्र एका भागात क्षणात मारले गेले. दोन्ही ठिकाणी जाण्याचे कारण पुढे उघड झाले आणि इतिहासात नोंदले गेले. सिंक्लेअरच्या बाबतीत मात्र खरे कारण अठरा वर्षांहून अधिक काळ झाकलेले राहिले. त्या जागी जे कारण सांगितले गेले, ते इतके पटण्यासारखे होते की कोणाला ते खोटे म्हणता आले नाही.

हे समजून घ्यायचे तर मालिकेची घडण पाहावी लागते. जे. मायकेल स्ट्राझिन्स्की यांनी ‘बॅबिलॉन फाइव्ह’ ही पाच वर्षांत पुरी होणारी एकच कादंबरी म्हणून योजली होती. दर आठवड्याला नवी गोष्ट सांगून शेवटी सगळे पूर्ववत करायचे, ही त्या काळची रीत त्यांनी मोडली. ११० भागांपैकी ९२ त्यांनी स्वतः लिहिले. अशा योजनेत नायक अर्ध्या वाटेवर जाणे म्हणजे पाया काढून घेणे. नट आजारी पडतात, भांडतात, दुसरीकडे जातात, हे स्ट्राझिन्स्की ओळखून होते. म्हणून प्रत्येक पात्रासाठी त्यांनी कथानकात एक चोरदरवाजा ठेवला होता. १९९३ च्या प्रारंभिक चित्रपटातली मनकवडी लीटा अलेक्झांडर मालिकेत नव्हती. तिच्या जागी टालिया विंटर्स आली. पुढे १९९५ मध्ये टालियाही गेली आणि लीटा परतली. दरवाजे असे वापरात होते.

सिंक्लेअरसाठी उघडलेला दरवाजा सगळ्यांत मोठा होता. दहा वर्षांपूर्वीच्या युद्धात मिनबारी लोकांनी विजयाच्या उंबरठ्यावर अचानक शरणागती का पत्करली आणि त्या लढाईतले चोवीस तास सिंक्लेअरच्या स्मरणातून का पुसले गेले, हे पहिल्या पर्वाचे मुख्य कोडे होते. दुसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात मिनबारी साहाय्यक लेनियर त्याचे उत्तर शेरिडनला सांगतो. कोडे सिंक्लेअरचे होते, पण उत्तर ऐकायला तो स्वतः नव्हता.

नायक का बदलला, याचे अधिकृत स्पष्टीकरण असे होते : हा निर्णय परस्परसंमतीने आणि कथेच्या गरजेने झाला. येणाऱ्या महायुद्धातल्या शत्रूशी ज्याचा वैयक्तिक धागा जुळलेला आहे, असा नायक हवा होता. शेरिडनची पत्नी ज्या मोहिमेत नाहीशी झाली, ती त्याच शत्रूच्या ग्रहावर गेली होती, त्यामुळे हे कारण कथेत चपखल बसले. काहींना दुसरीच शंका होती. सिंक्लेअर साकारणारे मायकेल ओहेअर हे मूळचे रंगभूमीवरचे नट होते, तर शेरिडन झालेले ब्रूस बॉक्सलायटनर दूरचित्रवाणीवर आधीच लोकप्रिय होते. वाहिनीला ओळखीचा चेहरा हवा होता, ओहेअर यांचा अभिनय ताठर वाटत होता, अशा चर्चा झाल्या. संगणकाच्या संदेशजाळ्यावरून प्रेक्षकांच्या प्रश्नांना स्वतः उत्तरे देणारे स्ट्राझिन्स्की या बाबतीत अधिकृत कारणापलीकडे गेले नाहीत.

तरी मालिकेतच काही गोष्टी या स्पष्टीकरणाशी जुळत नव्हत्या, असे मला वाटते. नको असलेल्या पात्राला लेखक मारतो किंवा विसरतो. सिंक्लेअरचे तसे झाले नाही. १९९५ च्या आरंभी एका भागात तो ध्वनिचित्रमुद्रित संदेशातून क्षणभर दिसला. मे १९९६ मध्ये ‘वॉर विदाउट एंड’ या जोडभागात तो परत आला आणि त्याला मालिकेतला सर्वांत मोठा शेवट मिळाला. तो एक अख्खे अवकाशस्थानक घेऊन हजार वर्षे मागे जातो आणि तिथे मिनबारी लोकांचा आदिपुरुष व्हॅलेन होतो. ज्याला परस्पर बदलीवर पाठवले, तोच एका संस्कृतीचा संस्थापक ठरतो. मधली रिकामी जागा भरायला १९९७ मध्ये कॅथरिन ड्रेनन यांची एक कादंबरीही आली. मिनबारवर सिंक्लेअरने काय केले, हे तिच्यात सविस्तर आहे. नाराजीने काढलेल्या नटाच्या पात्रासाठी एवढे कोण करते? आणि एवढे करायचे होते, तर त्याला नायक म्हणूनच का ठेवले नाही?

मायकेल ओहेअर २८ सप्टेंबर २०१२ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारले. काही दिवस आधी त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता. वय साठ. पुढच्या मे महिन्यात फिनिक्स शहरात भरलेल्या चाहत्यांच्या मेळाव्यात स्ट्राझिन्स्की यांनी जे सांगितले, त्याने सगळा हिशेब बदलला. पहिल्या पर्वाच्या चित्रीकरणातच ओहेअर यांना गंभीर मानसिक आजाराने गाठले होते. त्यांना भास होत, संशयाने घेरून टाकत, आणि पर्वाच्या मध्यावर काम करणे अवघड होऊन बसले. उपचारांना काही महिने लागणार होते. स्ट्राझिन्स्की यांनी चित्रीकरण तेवढे महिने थांबवण्याची तयारी दाखवली. ओहेअर यांनी ती नाकारली. मालिका थांबली तर ती पुन्हा सुरू होईलच असे नाही, आणि आपल्यामुळे इतरांची कामे जाऊ नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. पर्व कसेबसे पूर्ण करायचे, मग बाजूला व्हायचे आणि कोणाला काही कळू द्यायचे नाही, असे ठरले. उपचारांचा काही अंशी उपयोग झाला. म्हणून ते पुढे थोड्या भागांत दिसू शकले.

स्ट्राझिन्स्की यांनी हे गुपित मरेपर्यंत जपण्याचे वचन दिले होते. ओहेअर यांनी त्यात दुरुस्ती केली : तुमच्या मरणापर्यंत नको, माझ्या मरणापर्यंत जपा. आपण गेल्यावर लोकांना कळावे, म्हणजे अशा आजाराने गाठलेल्या दुसऱ्या कोणाला त्याचा उपयोग होईल, ही त्यामागची इच्छा.

इतिहास लिहिणाऱ्याने इथे थांबून पुरावा तपासला पाहिजे. ही एकाच माणसाची साक्ष आहे, घटनेनंतर खूप वर्षांनी दिलेली, आणि ज्याच्याविषयी आहे तो उत्तर द्यायला हयात नव्हता. बोलण्याची परवानगी होती, हेही तोच साक्षीदार सांगतो. तरीही मी ती ग्राह्य धरतो, कारण आधीच्या दोन्ही स्पष्टीकरणांना जे उलगडत नव्हते ते ती उलगडते : जाणे अचानक का होते, परतणे तुटक का होते आणि शेवट इतका भव्य का होता. शिवाय ती जुन्या कारणाला पूर्ण खोटे ठरवत नाही. शेरिडन कथेला अधिक सोयीचा होता, हे खरेच होते. फक्त ते नायक बदलण्याचे कारण नव्हते. नायक बदलावा लागल्यावर सापडलेला तो लाभ होता. चोरदरवाजाची योजनाच अशी असते की बाहेर पडणाऱ्याची वाट नंतर आलेल्याला कथानकाचे वळण वाटावी. इथे त्या योजनेने एका माणसाची अब्रूही राखली.

पण या अब्रूची चिंता का करावी लागली, हे विसरून चालणार नाही. हार्टनेल यांचा आजार शरीराचा होता, तो सांगता आला. ओहेअर यांचा मनाचा होता. नव्वदच्या दशकात तो जाहीर झाला असता तर या माणसाला पुन्हा काम कोण देईल, हा प्रश्न उभा राहिला असता. ‘लोक काय म्हणतील’ ही भीती फक्त आपल्या चाळीत आणि वाड्यात राहते असे आपण समजतो. ती तिथल्या चित्रीकरणस्थळांवरही होती. म्हणून त्या काळात नट ताठर होता, वाहिनीला नको होता, असे बोल एका आजारी माणसाने गप्प राहून ऐकून घेतले. खरे सांगण्यापेक्षा ते ऐकणे त्याला परवडणारे होते.

आता पहिले पर्व पाहणारे काही जण त्या बावीस भागांत ओहेअर यांच्या चेहऱ्यावर आजाराची चिन्हे शोधतात. तो थबकला, नजर वळवली, की हेच ते, असे म्हणतात. मला हे जुन्याइतकेच अन्यायाचे वाटते. पडद्यावर युद्धातून वाचलेला, चोवीस तास हरवलेला, कोणावर विश्वास ठेवावा हे न कळलेला एक सेनाधिकारी आहे. त्यात नटाचे किती आणि पात्राचे किती, हे चित्रफितीवरून कोणी सांगू शकत नाही. पुरावा एवढेच सांगतो की थांबायची मुभा असताना तो माणूस रोज कामावर आला आणि पर्व पुरे करून गेला. सिंक्लेअर कुठे गेला, याचे उत्तर पटकथेत मिनबार असे आहे. ओहेअर कुठे गेले, याचे उत्तर त्यांनी स्वतः सांगायला सांगितले, तेही आपल्या मागे.