५२,००० डॉलरचं पुस्तक

शुक्रवारी रात्री रिलीज एकदाचं पार पडलं आणि बऱ्याच दिवसांनी डोकं रिकामं असलेला शनिवार मिळाला. सकाळपासून 'फन होम' या ब्रॉडवेच्या म्युझिकलची गाणी लावून बसलो होतो. बायको म्हणाली, "पुन्हा तेच?" हो, पुन्हा तेच. का, ते सांगतो, पण त्यासाठी थोडं मागे जायला लागेल.

सिनेमातल्या बायकांबद्दलची 'बेक्डेल टेस्ट' तुम्ही ऐकली असेल. ती जिच्या कॉमिकमधून आली, त्या अ‍ॅलिसन बेक्डेलची ही गोष्ट. पेनसिल्व्हेनियातलं छोटं गाव. वडील शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि जोडीला घरचा अंत्यसंस्काराचा व्यवसाय, म्हणजे फ्यूनरल होम. पोरांनी त्याचं केलं 'फन होम'! पुढे ती ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात गेली. आपण लेस्बियन आहोत हे तिला एकोणिसाव्या वर्षी कळलं आणि ते कळलं चक्क पुस्तकं चाळताना. मग कॉलेजची लायब्ररी धुंडाळून या विषयावर मिळेल ते तिने वाचून काढलं आणि घरी पत्र लिहून सांगून टाकलं. उत्तरादाखल आईकडून जे कळलं त्याने ती हादरली. वडिलांचेही पुरुषांशी संबंध होते आणि ते त्यांनी आयुष्यभर लपवले होते. काही महिन्यांतच, १९८० साली, वडील ट्रकखाली सापडून गेले. तो अपघात नव्हता, असं तिला वाटत आलंय.

२००६ साली तिने हे सगळं चित्रकथेच्या रूपात मांडलं. त्यावरून लीसा क्रॉनने संवाद आणि गीतं लिहिली, जनीन टेसोरीने संगीत दिलं आणि २०१३ साली न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरमध्ये 'फन होम' उभं राहिलं. रंगमंचावर तीन अ‍ॅलिसन असतात: लहान, कॉलेजातली आणि त्रेचाळीस वर्षांची. कॉलेजातली अ‍ॅलिसन समलिंगी विद्यार्थ्यांच्या संघटनेच्या दारापर्यंत जाते आणि आत शिरायला घाबरते. पुढे तिला जोन भेटते. त्यानंतरचं 'चेंजिंग माय मेजर' हे गाणं म्हणजे निव्वळ आनंद आहे. गोंधळलेला, बावळट, पहिल्या प्रेमाचा असतो तसा.

आता यात विशेष काय, असं वाटेल. पण अशा पात्रांचं नाटकात आधी काय व्हायचं ते बघा. लिलियन हेलमनचं 'द चिल्ड्रन्स अवर' १९३४ सालचं. त्यात मुलींच्या शाळेतल्या दोन शिक्षिकांवर आळ येतो. त्यांच्यापैकी एकीला आपलं तसं प्रेम आहे हे उमगतं आणि ती स्वतःला गोळी घालते. आपल्याकडे १९८१ साली तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' लिहिलं. रोहिणी हट्टंगडींनी रंगवलेली मित्रा ही कॉलेजातलीच मुलगी. तीही शेवटी आत्महत्याच करते. तेंडुलकरांनी त्या काळी हा विषय मंचावर आणला याचं मोल आहेच. पण प्रेक्षागृहात तशीच कुणी मुलगी बसली असेल, तर तिने घरी काय नेलं असेल? 'फन होम'मध्ये हे उलटं आहे. सांगून टाकणारी मुलगी जगते, मोठी होते, गोष्ट सांगते. मरतो तो लपवणारा.

यानंतरचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

साउथ कॅरोलायनातलं कॉलेज ऑफ चार्ल्सटन दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना एक पुस्तक सुचवायचं. वाचायची सक्ती नाही. २०१३ साली त्यांनी 'फन होम' निवडलं. हा समलिंगी जीवनशैलीचा प्रचार आहे म्हणून ओरड झाली आणि २०१४ च्या सुरुवातीला राज्याच्या कनिष्ठ सभागृहाने कॉलेजच्या अनुदानातून ५२,००० डॉलर कापले. या वाचन-उपक्रमाचा खर्च तेवढाच होता. म्हणजे एका मुलीला पुस्तकातून स्वतःची ओळख पटली, आणि तिच्याच पुस्तकाबद्दल कॉलेजला दंड!

न्यूयॉर्कचे प्रयोग तोवर संपले होते. एप्रिल २०१४ मध्ये कलाकार थेट चार्ल्सटनला आले, बेक्डेलही आली, आणि तिथे त्यांनी ही गाणी सादर केली. शेवटी पैसे परत मिळाले, पण एक मेख मारून: तेवढीच रक्कम देशाची राज्यघटना आणि तत्सम मूळ दस्तऐवज शिकवण्यावर खर्च करायची. असो. २०१५ साली नाटक ब्रॉडवेवर गेलं आणि सर्वोत्कृष्ट म्युझिकलसह पाच टोनी पुरस्कार घेऊन आलं. संगीत-गीतांचा टोनी फक्त बायकांच्या जोडीला मिळण्याची ती पहिलीच वेळ.

न्यूयॉर्कमध्ये पहिले प्रयोग चालू होते, तेव्हाच ११ डिसेंबर २०१३ ला आपल्या सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ पुन्हा जिवंत केलं होतं. ते समलिंगींपुरतं मोडीत निघालं ६ सप्टेंबर २०१८ ला. त्या रात्री मला हॉस्टेलच्या एका जुन्या मित्राचा मेसेज आला. आम्ही त्याला एक नाव पाडलं होतं. नाव मी पाडलं नव्हतं, पण हसायला मी होतो. दुसऱ्या वर्षानंतर तो कॉलेज सोडून गेला. का गेला, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही.

त्याने लिहिलं होतं, की तेव्हा तो रोज लायब्ररीत बसून स्वतःबद्दल काही सापडतंय का ते बघायचा. एकदाच सापडलं. मानसशास्त्राच्या एका जुन्या पुस्तकात, विकृतींच्या प्रकरणात.

मी सॉरी म्हणालो. पंधरा वर्षं उशिरा. तो म्हणाला, "जाऊ दे रे."

मग मी त्याला 'फन होम'चं पुस्तक पाठवलं. गाण्यांची लिंक मात्र त्यानेच मला पाठवली. ती गाणी तो माझ्याआधीच ऐकून बसला होता.