मुखपट्टीची सक्ती आणि अपवादाचे कलम

कायद्याची नियत पाहावयाची तर मुख्य कलम मागाहून वाचावे, अपवादाचे कलम आधी वाचावे, असे आमच्या परिचयाचे एक जुने वकील म्हणत असत. मुख्य कलमात सरकारला काय हवे आहे ते कळते. अपवादाच्या कलमात सरकारच्या डोळ्यांना कोणती माणसे दिसली आणि कोणती दिसली नाहीत, ते कळते. २०२० साली कोविडच्या साथीत निम्म्याहून अधिक जगात मुखपट्टीची सक्ती झाली. त्या सक्तीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला येथे तिच्या कोपऱ्यातल्या एका कलमाची हकीकत सांगावयाची आहे. ज्यांना मुखपट्टी बांधताच येत नाही, आणि दुसऱ्याने बांधली म्हणजे ज्यांचा व्यवहार अडतो, अशा अपंग माणसांच्या सवलतीचे ते कलम. ('अपंग' हा शब्द आता सरकारी दप्तरातून गेला असून त्याच्या जागी 'दिव्यांग' आला आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. परंतु ज्या माणसांविषयी आम्ही लिहीत आहो त्यांतील पुष्कळांना नवा शब्द रुचलेला नाही. म्हणून आम्ही जुनाच ठेवतो.)

साथीत तोंड झाकण्याचा मोठा प्रयोग प्रथम झाला तो मांचुरियात. १९१० च्या डिसेंबरात हार्बिन शहरी फुप्फुसाचा प्लेग पसरला, तेव्हा पेनांगमध्ये जन्मलेले व केंब्रिजला शिकलेले डॉ. वू लिएन-तेह यांनी कापूस व जाळीदार कापड यांची पट्टी करून वैद्यांना व मजुरांना बांधावयास लावली. मेस्नी नावाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टरांनी ती झिडकारली आणि थोड्याच दिवसांत ते प्लेगला बळी पडले. पट्टीची महती तेथून वाढली. परंतु ती अद्याप सल्ला होती, दंडनीय सक्ती नव्हती.

सक्ती पाहावयाची ती १९१८ च्या सॅन फ्रान्सिस्को शहरात. इन्फ्लुएंझाच्या साथीत, ऑक्टोबरअखेर, तेथील नगरसभेने फर्मान काढले की रस्त्यात, सार्वजनिक जागी, अथवा जेथे दोन किंवा अधिक माणसे जमतील तेथे प्रत्येकाने चार पदरी जाळीदार कापडाने नाक व तोंड झाकले पाहिजे. दंड पाच ते शंभर डॉलर, किंवा दहा दिवसांची कैद. महायुद्ध चालू असल्यामुळे पट्टी न बांधणाऱ्याला 'कामचुकार' म्हणून हिणवीत. गंमत अशी की, एका मुष्टियुद्धाच्या सामन्याला खुद्द नगराध्यक्ष रोल्फ उघड्या तोंडाने बसलेले आढळले आणि त्यांना पन्नास डॉलर भरावे लागले. आरोग्याधिकारीही सुटले नाहीत. २१ नोव्हेंबरला सक्ती उठली, १९१९ च्या जानेवारीत पुन्हा आली, तिच्याविरुद्ध एक संघ उभा राहिला, आणि १ फेब्रुवारीस ती कायमची गेली.

या फर्मानात अपवाद होते ते दोन : जेवताना, आणि घरी कुटुंबातली दोघेच असताना. म्हणजे घास तोंडात कसा जाईल याची चिंता नगरसभेने केली. दमेकऱ्याचा श्वास, बहिऱ्याचे संभाषण, हात नसलेल्याची पट्टी कोण सोडील, हे प्रश्न तिच्या ध्यानी आले नाहीत. त्या पिढीला दोष देण्यात अर्थ नाही. अपंगाने घरी किंवा आश्रमात असावे, रस्त्यात त्याचे काम काय, अशीच तेव्हाची समजूत होती. आपल्याकडेही ४ फेब्रुवारी १८९७ चा साथीच्या रोगांचा कायदा अवघ्या चार कलमांचा होता. त्यात सरकारला वाटेल ते हुकूम काढण्याची मुभा होती, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा होती, आणि अंमलदारावर फिर्याद नाही असे अभयदान होते. अपवाद असा कोणाचाच नव्हता. रँडच्या कारकिर्दीत पुण्याने त्याचा अनुभव घेतला, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडले ते या प्रांतात सांगावयास नको. ८ एप्रिल २०२० रोजी मुंबई महापालिकेने मुखपट्टी सक्तीची केली ती याच कायद्याच्या आधाराने.

मग १९१८ आणि २०२० यांच्या मधल्या शंभर वर्षांत असे काय झाले की अपंगाचे नाव कायद्यात आले? त्याचे उत्तर पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोतच सापडते, आणि तेही एका जुन्या साथीच्या पोटी. गेल्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत पोलिओने कहर केला. त्यातून वाचलेली मुले खुर्चीला खिळली, परंतु शिकली. एड रॉबर्ट्स यांना चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. रात्री लोखंडी श्वासयंत्रात झोपून त्यांनी बर्कलेला विद्यापीठाचा अभ्यास केला. ज्युडिथ ह्यूमन यांना दीड वर्षाच्या असतानाच पोलिओ झाला. चाकाची खुर्ची वापरतात म्हणून न्यूयॉर्कने त्यांना शिक्षिकेचा परवाना नाकारला, तेव्हा त्या न्यायालयात गेल्या आणि परवाना मिळवून आल्या. सरकारी पैशावर चालणाऱ्या कोणत्याही कामात अपंगांना वगळू नये, असे कलम १९७३ च्या कायद्यात आले होते, पण त्याचे नियम सही न होता पडून राहिले होते. ५ एप्रिल १९७७ रोजी शंभराहून अधिक अपंग माणसे सॅन फ्रान्सिस्कोतील केंद्र सरकारच्या कचेरीत शिरली आणि सुमारे चार आठवडे तेथेच राहिली. त्यांत आंधळे होते, बहिरे होते, ज्यांना रात्री कूस बदलावयासही दुसऱ्याचा हात लागतो असे होते. ब्लॅक पँथर पक्षाचे लोक त्यांना रोज गरम जेवण आणून देत. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली. पुढे १९९० चा अमेरिकन अपंग कायदा आला, ब्रिटनमध्ये १९९५ चा आणि मग २०१० चा समानता कायदा आला, आपल्याकडे १९९५ नंतर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला. या शेवटच्या कायद्याचे आठवे कलम तर संकटकाळी अपंगांना समान संरक्षण द्यावे असे स्पष्ट सांगते. एका साथीने पांगळ्या केलेल्या मुलांनी जे मिळविले, त्याची परीक्षा दुसऱ्या साथीत व्हावयाची होती.

इंग्लंडमध्ये १५ जून २०२० पासून आगगाडी व बस यांत आणि २४ जुलैपासून दुकानांत मुखपट्टी सक्तीची झाली. दंड आरंभी शंभर पौंड. अकरा वर्षांखालील मुलांना ती नव्हती. आणि 'सयुक्तिक कारण' असणाऱ्याने ती न बांधणे हा गुन्हा नव्हता. या दोन शब्दांच्या पोटात पुष्कळ माणसे आली. शारीरिक अथवा मानसिक आजारामुळे वा व्यंगामुळे ज्याला पट्टी लावता येत नाही, ठेवता येत नाही किंवा काढता येत नाही तो. पट्टीने ज्याचा जीव अतिशय कासावीस होतो तो. आणि ओठ वाचून समजून घेणाऱ्या माणसाबरोबर जो आहे किंवा त्याला जो मदत करीत आहे तो. 'काढता येत नाही' हा शब्द आम्हाला विशेष अर्थपूर्ण वाटतो. बांधून देणारा कोणी भेटेल. पण उलटी झाली आणि हात हलत नसतील, तर? हा विचार कोण्या कारकुनाला आपोआप सुचलेला नसावा. स्वमग्न मुलाला कानामागची दोरी निखाऱ्यासारखी वाटते, किंवा जिच्या तोंडावर कोणी एकदा हात दाबला होता ती स्त्री कापड नाकाशी येताच थरथरते, हेही असेच आतून कळलेले आहे.

त्याहून धाडसाची गोष्ट अशी की पुरावा मागावयाचा नाही असे ठरले. डॉक्टरची चिठ्ठी नको, दाखला नको. माणसाने 'मला सूट आहे' म्हणावे आणि ते मानावे. हवे तर सरकारने दिलेला नमुना छापून जवळ ठेवावा. कित्येकांनी सूर्यफुलांचे चित्र असलेली हिरवी फीत गळ्यात घातली. ती २०१६ साली गॅटविक विमानतळावर, वरून न दिसणारे व्यंग असलेल्या प्रवाशांसाठी निघाली होती.

परंतु कायद्याने जे मागितले नाही ते लोकांनी मागितले. ज्याचा पाय तुटला आहे त्याला कोणी विचारीत नाही. ज्याचे व्यंग फुप्फुसात किंवा मनात आहे त्याला दुकानाच्या दारात, रांगेसमोर, आपला रोग सांगावा लागला. काही दुकानदारांनी अशांना बाहेर काढले. कित्येकांनी बाजारच सोडला. फितीचा उपयोग झाला तसा दुरुपयोगही झाला. केवळ पट्टीचा कंटाळा आलेल्यांनीही ती गळ्यात घातली, आणि मग खऱ्याकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. अमेरिकेत तर कोणा स्वयंघोषित संस्थेने सरकारी न्यायखात्याचे चिन्ह छापून सवलतीच्या चिठ्ठ्या वाटल्या, आणि २०२० च्या जूनमध्ये खात्याला त्या खोट्या असल्याचे जाहीर करावे लागले. विश्वासावर चालणारी सवलत लुच्चा मोडतो, आणि त्याचा भुर्दंड पांगळा भरतो. तरीही दाखल्याची पद्धत बरी होती असे आम्हास वाटत नाही. दाखल्यासाठी अपंगाला किती दारे झिजवावी लागतात हे ज्याने आपल्याकडे पाहिले आहे, त्याला इंग्लंडचा मार्गच अधिक माणुसकीचा वाटेल.

बहिऱ्यांची अडचण निराळी. त्यांना स्वतःच्या पट्टीचे दुःख नव्हते, दुसऱ्याच्या पट्टीचे होते. २४ सप्टेंबर २०२० पासून इंग्लंडात दुकानातील नोकरांनाही सक्ती झाली आणि गल्ल्यावरचा शेवटचा ओठ झाकला गेला. मूकबधिरांची खुणांची भाषा हातांइतकीच चेहऱ्यानेही बोलली जाते. होकार, नकार, प्रश्न यांतले पुष्कळसे चेहऱ्यावर असते. आमच्या ओळखीचे एक बहिरे गृहस्थ त्या काळात इस्पितळात गेले असता, परिचारिकेने आपले नाव तीनदा पुकारले हे त्यांना शेजारच्या रुग्णाने कोपर मारले तेव्हा कळले. पारदर्शक पट्ट्या निघाल्या. ब्रिटिश सरकारने त्याच सप्टेंबरात अडीच लाख पट्ट्या दवाखान्यांसाठी जाहीर केल्या. इतक्या मोठ्या खात्यात त्या किती पुरणार?

येथपर्यंत सवलत म्हणजेच अपंगांची बाजू, असा वाचकाचा समज झाला असेल. तो अर्धाच खरा आहे. इंग्लंडात २० नोव्हेंबर २०२० पर्यंत कोविडने जे मेले त्यांत शंभरातील जवळजवळ साठ अपंग होते. लोकसंख्येच्या पाहणीत त्यांचे प्रमाण शंभरात सतराच होते. ज्याला पट्टी सोसत नाही तोही अपंग, आणि शेजाऱ्याने पट्टी न बांधल्यास ज्याचा प्राण जातो तोही अपंग. एकाच खोलीत दोघे बसले असतील तर?

हा प्रश्न टेक्सासमध्ये न्यायालयात गेला. २०२१ च्या फेब्रुवारीपासून अमेरिकेत आगगाडी, विमान व बस यांत केंद्राची सक्ती होती आणि १९९० च्या कायद्याप्रमाणे ज्याला पट्टी बांधता येत नाही त्याला सूट होती. मात्र विमान कंपन्यांना त्याच्याकडे वैद्यकीय कागद मागता येत असत. म्हणजे अपंग कायदा येथे पट्टी काढण्यासाठी वापरला गेला. टेक्सासचे गव्हर्नर अ‍ॅबट यांनी २९ जुलै २०२१ रोजी उलटा हुकूम काढला : कोणत्याही सरकारी शाळेने मुखपट्टी सक्तीची करू नये, केल्यास एक हजार डॉलरपर्यंत दंड. तेव्हा काही अपंग मुलांच्या आईबापांनी फिर्याद केली. त्यांत मंगोलिझम या जुन्या नावाने पूर्वी ओळखल्या जाणाऱ्या डाउन विकाराची मुले होती, दमेकरी होती. बारा वर्षांखालच्यांना लस अद्याप खुली नव्हती. वर्गातल्या इतरांनी पट्टी बांधली तरच आमचे मूल शाळेत जाऊ शकते, शाळेला तसा नियम करण्याची बंदी म्हणजे मुलाला शाळेची बंदी, असा त्यांचा युक्तिवाद होता. आधार तोच, १९९० चा अपंग कायदा. १० नोव्हेंबर २०२१ रोजी ऑस्टिन येथील केंद्रीय न्यायालयाचे न्यायाधीश ली येकेल यांनी तो मान्य केला व गव्हर्नरांच्या बंदीची अंमलबजावणी थांबविली.

आम्हाला हा निकाल बरोबर वाटतो. सवलत मागणारा एकटा असतो. त्याच्यासाठी खिडकी उघडता येते, बाक दूर ठेवता येतो, शिक्षकाला पारदर्शक पट्टी देता येते. बंदीचा हुकूम मात्र शाळेला असला कोणताही विचारच करू देत नव्हता. वरिष्ठ न्यायालयाने डिसेंबरच्या आरंभीच या निकालाला स्थगिती दिली. पुढे २५ जुलै २०२२ रोजी, मुलांना फिर्याद करण्याचा अधिकारच पोचत नाही या कारणावरून त्याने तो रद्द केला. अपंग कायद्याचा मूळ प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहिला. दरम्यान इंग्लंडातली सक्ती २७ जानेवारीला संपली होती, महाराष्ट्रातली २ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी. अमेरिकेतील प्रवासाची सक्ती १८ एप्रिलला फ्लॉरिडाच्या न्यायालयाने मोडली होती. आणि टेक्सासच्या त्या मुलांचे शाळेचे वर्ष केव्हाच संपून गेले होते.