रहिमतपूर ते बूट सेक्टर

सांगलीला कॉलेजात असताना लॅबच्या दारावर पाटी होती: बाहेरची फ्लॉपी आधी स्कॅन करून घ्या. आम्ही अर्थातच करायचो नाही. सबमिशनच्या आदल्या दिवशी माझी एकुलती एक फ्लॉपी उघडेना. असिस्टंटने काळ्या स्क्रीनवर एक प्रोग्राम चालवला. नाव, क्विक हील. मला वाटलं, अमेरिकन असणार!

पुण्यात नोकरीला लागल्यावर कळलं की कंपनी इथलीच, आणि मालक कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. सांगली-पुणे गाडीतून ते स्टेशन किती वेळा मागे टाकलंय, सांगता येणार नाही. दहावीनंतर शिक्षण सोडून ते कॅलक्युलेटर दुरुस्त करायचे. पुढे कॉम्प्युटर दुरुस्ती आली आणि दुरुस्तीला आलेल्या मशीनबरोबर व्हायरसही. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकलेले, त्यांनी ते काढायचे प्रोग्राम लिहिले. १९९५ ला क्विक हील बाजारात आलं.

आता गंमत बघा. त्या काळचा स्कॅनर म्हणजे पोलीस ठाण्यातला फोटोंचा अल्बम. प्रत्येक व्हायरसच्या कोडमधले ठरावीक बाइट्स, म्हणजे त्याची 'सिग्नेचर', यादीत ठेवायची आणि डिस्कवर शोधत जायचं. पण सुरुवात मेमरीपासून. कारण १९८६ चा, लाहोरचा 'ब्रेन'. हा मेमरीत बसायचा आणि कुणी बूट सेक्टर वाचायला गेलं की आधीचा, स्वच्छ सेक्टर काढून दाखवायचा. चोरच दार उघडून "घरी कुणी नाही" म्हणणार! म्हणून मशीन स्वच्छ फ्लॉपीवरून सुरू करायचं. मग ५१२ बाइट्सचा बूट सेक्टर, मग फाइली. फाइलही अख्खी वाचायची गरज नसे. व्हायरस बहुधा शेपटीला चिकटतो आणि तोंडाशी "आधी तिकडे जा" एवढंच लिहितो, त्यामुळे दोन टोकं तपासली की बरंचसं काम झालं.

खरी मेख अल्बममध्ये. ज्याचा फोटो नाही, तो चोर सुटला. फोटो काढायला आधी चोर हातात हवा, आणि तो दुरुस्तीच्या टेबलावर आपल्या पायांनी चालत येत होता. माझ्या मते पदव्यांपेक्षा हेच भांडवल मोठं होतं. (१९९० च्या '१२६०' सारखे दर वेळी रूप बदलणारे व्हायरस आल्यावर नुसता अल्बम पुरेना. संशयित प्रोग्राम खोट्या प्रोसेसरवर चालवून बघणं आलं. तो वेगळा लेख होईल.)

असो. माझ्या फ्लॉपीवर व्हायरस सापडला, निघालाही. पण काही बूट व्हायरस मूळ सेक्टर दुसरीकडे नेऊन ठेवतात आणि तिथे आधी काय होतं ते बघत नाहीत. माझ्या फ्लॉपीवर तिथे फाइलींची यादी होती. स्क्रीन म्हणाली, व्हायरस काढला. डिरेक्टरी रिकामी. रात्रभर जागून सगळं परत टाइप केलं.