वकील न लावता परदेशात पीआरचा अर्ज: ओझर-नाशिकच्या कुटुंबांसाठी पूर्ण माहिती

ओझर, पिंपळगाव, निफाड आणि नाशिक शहरातल्या अनेक घरांतली मुलं आज कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा आखातात आहेत, नाहीतर जायच्या तयारीत आहेत. त्यांच्या घरच्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: पीआरसाठी, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी, वकील किंवा एजंट लावावाच लागतो का?

उत्तर आहे, नाही. कॅनडा असो की ऑस्ट्रेलिया, सरकारी अर्ज स्वतः भरता येतो. वकील लावल्याने गुण वाढत नाहीत, फाइल लवकर सुटत नाही आणि फॉर्मचे वेगळे पैसेही लागत नाहीत. खरं काम फॉर्मचं नसतं, घरच्या कपाटातल्या कागदांचं असतं. ते काम वकीलही तुमच्याकडूनच करून घेतो. म्हणून या लेखात आम्ही फॉर्मपेक्षा कागदांवर जास्त भर दिला आहे.

पीआर म्हणजे काय, आणि काय नाही

पीआर मिळाला की त्या देशात राहता येतं, नोकरी-धंदा करता येतो, मुलांना शाळेत घालता येतं. पासपोर्ट मात्र भारताचाच राहतो आणि तिथल्या राष्ट्रीय निवडणुकीत मत देता येत नाही. नागरिकत्व ही त्यापुढची पायरी. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. तिथलं नागरिकत्व घेतलं की भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो आणि मग ओसीआय कार्ड काढता येतं. हा निर्णय वेगळा आहे, पीआर घेताना तो घ्यावा लागत नाही.

आखाताचं गणित वेगळं

सौदी किंवा अमिरातीत वीस वर्षं इकाम्यावर काढली, तरी त्यातून आपोआप पीआर मिळत नाही. नोकरी संपली की इकामा संपतो. सौदीने २०१९ मध्ये प्रीमियम रेसिडेन्सी सुरू केली. तिच्यातल्या बेमुदत परवान्याची फी ८ लाख रियाल आणि एका वर्षाच्या परवान्याची १ लाख रियाल. जानेवारी २०२४ मध्ये गुंतवणूकदार, उद्योजक, घरमालक, खास कौशल्य असलेले अशा नव्या वर्गांची भर पडली, पण त्यांच्या अटी सर्वसाधारण पगारदाराला झेपणाऱ्या नाहीत.

अमिरातीचा गोल्डन व्हिसा मुदतीचा असतो, साधारण १० वर्षांचा. जुलै २०२५ मध्ये एक बातमी सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरली: भारतीयांना १ लाख दिरहम, म्हणजे सुमारे २३ लाख रुपये, भरून आजीवन गोल्डन व्हिसा. काही दिवसांतच अमिरातीच्या सरकारी प्राधिकरणाने ती फेटाळली आणि गोल्डन व्हिसाचे अर्ज फक्त सरकारी मार्गानेच घेतले जातात, असं स्पष्ट केलं. मधल्या काळात कोणी ‘बुकिंग’चे पैसे मागितले असतील, तर ते कशाचे होते हे आता सांगायला नको.

कॅनडाचा अर्ज, पायरी पायरीने

स्वतः अर्ज करणाऱ्यांसाठी सगळ्यात स्पष्ट लिहिलेली पद्धत कॅनडाची आहे, म्हणून उदाहरण तिचंच घेऊ. एक्स्प्रेस एंट्री ही ऑनलाइन पद्धत जानेवारी २०१५ पासून सुरू आहे.

१. पात्रता. भारतातून थेट अर्ज करणाऱ्या कुशल कामगाराला १०० पैकी किमान ६७ गुण लागतात. ते भाषा, शिक्षण, अनुभव, वय वगैरेंवर मिळतात. मागच्या १० वर्षांत कुशल कामाचा सलग एक वर्षाचा अनुभव हवा.

२. इंग्रजीची परीक्षा. आयईएलटीएस देणार असाल तर जनरल ट्रेनिंगची द्या, अॅकॅडेमिकची चालत नाही. चारही भागांत किमान ६ बँड लागतो. निकाल २ वर्षं चालतो.

३. शिक्षणाचं मूल्यांकन. आपली पदवी तिथल्या कोणत्या पदवीच्या बरोबरीची आहे, याचा अहवाल ठरलेल्या संस्थेकडून घ्यावा लागतो. तो ५ वर्षं चालतो. बहुतेकदा विद्यापीठाने ट्रान्सक्रिप्ट थेट त्या संस्थेला पाठवायची असते. नाशिकच्या बहुतेक कॉलेजांसाठी ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, नर्सिंगसारख्या आरोग्य शाखांसाठी नाशिकचंच आरोग्य विज्ञान विद्यापीठ. २०१४ च्या आधीच्या पदवीवर नुसतं ‘पुणे विद्यापीठ’ असेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, नाव नंतर बदललं एवढंच.

४. प्रोफाइल. हे भरायला फी नाही. ते १२ महिने टिकतं. इथे दुसरी गुणपद्धत लागते, १२०० गुणांची. सरकार ठरावीक काळाने वरच्या गुणांच्या लोकांना बोलावतं.

५. निमंत्रण. ते आलं की ६० दिवसांत सगळे कागद आणि फी भरायची. ऑगस्ट २०२५ पासून वैद्यकीय तपासणीही आधीच करून अर्जासोबत जोडावी लागते. ती फक्त त्यांच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच होते, आपल्या फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही.

फी किती? एप्रिल २०२४ च्या दराप्रमाणे प्रत्येक मोठ्या माणसाचे १५२५ कॅनेडियन डॉलर, प्रत्येक मुलाचे २६० आणि बोटांच्या ठशांचे पूर्ण कुटुंबाचे १७०. म्हणजे नवरा-बायको आणि दोन मुलं मिळून ३७४० डॉलर. हे दर साधारण दोन वर्षांनी वाढतात, त्यामुळे भरायच्या दिवशी सरकारी साइटवर पाहूनच भरा. परीक्षा, मूल्यांकन आणि तपासणीचा खर्च वेगळा.

एक गोष्ट एजंट सांगत नाही. ६७ गुण म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी, निमंत्रण नव्हे. २०२५ मध्ये कॅनडात काम केलेल्यांच्या सोडतींतही १२०० पैकी ५०० च्या वर गुण लागत होते. मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरचे जादा गुणही बंद झाले. फ्रेंच येणाऱ्यांना आणि आरोग्यसेवेसारख्या काही पेशांना वेगळ्या सोडतीत कमी गुणांवर संधी मिळते. म्हणून पैसे खर्च करण्याआधी सरकारी साइटवरच्या मोफत कॅल्क्युलेटरवर आपले गुण काढा. फार कमी आले तर आधी भाषेचा स्कोअर वाढवा, किंवा प्रांतांच्या योजना बघा.

ऑस्ट्रेलियातही चाल अशीच आहे: आधी पेशानुसार कौशल्याचं मूल्यांकन, मग ऑनलाइन नोंद, किमान ६५ गुण, निमंत्रणाच्या वेळी वय ४५ च्या आत. तिथेही किमान गुण म्हणजे निमंत्रण नाही.

आपल्या घरात अडकतं ते इथे

नाव. आपल्याकडे सगळ्यात जास्त अर्ज इथेच रखडतात. दहावीच्या सर्टिफिकेटवर ‘शेख’ आधी, पासपोर्टवर शेवटी. एका कागदावर ‘मोहम्मद’, दुसऱ्यावर ‘मोहंमद’, तिसऱ्यावर त्याचं नुसतं लघुरूप. वडिलांचं नाव कुठे मधे आहे, कुठे नाहीच. पासपोर्ट हा पाया धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा. किरकोळ फरकासाठी ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवा. फरक मोठा असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो आधी दुरुस्त करा. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिरातीने अशा एकेरी नावाच्या व्हिजिट व्हिसावाल्यांना प्रवेश नाकारण्याचा नियम केला होता, तेव्हा अनेकांना याचा फटका बसला.

निकाहनामा. उर्दूतल्या निकाहनाम्याचं इंग्रजी भाषांतर लागतं, आणि कॅनडासाठी ते घरच्या माणसाने केलेलं चालत नाही, मग त्याचं इंग्रजी कितीही चांगलं असो. शिवाय १९९८ च्या महाराष्ट्र विवाह नोंदणी कायद्याखाली निकाहची नोंद करून सरकारी दाखला घ्या. ही नोंद सर्व धर्मांच्या विवाहांना लागू आहे. मुदत उलटली असेल तरी दंड भरून ती होते. निकाहनामा आणि सरकारी दाखला, दोन्ही जोडले की शंका राहत नाही.

जन्मदाखला. ओझरला नगरपरिषद अलीकडे झाली, त्याआधी ग्रामपंचायत होती. जुनी नोंद हवी असेल तर रजिस्टर आता कुणाकडे आहे ते आधी विचारा. उशिरा नोंदवलेल्या दाखल्यांची २०२५ मध्ये राज्यभर तपासणी सुरू झाली, आपल्या जिल्ह्यात मालेगावात तर तिची फार चर्चा झाली. आपला दाखला उशिरा काढलेला असेल तर तो कोणत्या अधिकाऱ्याच्या आदेशाने मिळाला, त्या आदेशाची प्रतही जपून ठेवा.

पोलीस क्लिअरन्स. परदेशी अर्जासाठी पासपोर्ट पोर्टलवरून मिळणारं पीसीसीच लागतं, फी ५०० रुपये. नोकरीसाठी पोलीस ठाण्यातून काढलेला चारित्र्याचा दाखला त्याजागी चालत नाही. ओझरच्या पत्त्यावर चौकशी नाशिक ग्रामीण पोलीस करतात, शहराच्या पत्त्यावर आयुक्तालय. मागच्या १० वर्षांत ज्या देशात सलग ६ महिने किंवा जास्त राहिलात, त्या प्रत्येक देशाचं क्लिअरन्स कॅनडाला लागतं. आखात सोडल्यावर हा कागद मिळवणं जिकिरीचं असतं. जे आज तिथे आहेत त्यांनी परतण्याआधी त्याची रीत समजून घ्यावी आणि इकाम्याच्या सगळ्या प्रती ठेवाव्यात.

अनुभवाचं पत्र. ओझरमध्ये विमान कारखान्यामुळे तांत्रिक कामाचा अनुभव असलेली माणसं भरपूर. पण कॅनडा हुद्दा बघत नाही, काम बघतो. विमान दुरुस्त करणारा मेकॅनिक आणि विमानाची जोडणी करणारा कामगार, हे तिथे दोन वेगळे पेशे आहेत: पहिल्याचा क्रमांक ७२४०४, दुसऱ्याचा ९३२००. म्हणून पत्रात काम काय केलं, आठवड्याला किती तास, पगार किती, कधीपासून कधीपर्यंत, हे सगळं लेटरहेडवर हवं. संरक्षण उत्पादनात काम केलेल्यांनी वर्णन स्वतःच्या मनाने वाढवू नये, कंपनीने लेखी दिलं असेल तेवढंच द्यावं.

पैसा. जुलै २०२५ च्या दरानुसार चार जणांच्या कुटुंबाला २८,३६२ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. इथे आपल्याकडे गाडी अडते, कारण बचत बिशीत, सोन्यात, शेतीत किंवा घरात असते. घर-जमिनीची किंमत धरत नाहीत आणि उसनवारीचे पैसे तर अजिबात चालत नाहीत. बँक मागच्या ६ महिन्यांची सरासरी शिल्लक लिहून देते, त्यामुळे आदल्या आठवड्यात भरलेली मोठी रक्कम लगेच दिसते. वडिलांनी खरोखर दिले असतील तर बक्षीसपत्र करा. व्याज नको म्हणून चालू खात्यात ठेवलेला पैसाही चालतो, तो फक्त नोंदीत दिसला पाहिजे.

प्रवास. १० वर्षांतल्या प्रत्येक परदेश प्रवासाची यादी द्यावी लागते. हज आणि उमराहही त्यात येतात. दहा-पंधरा दिवसांचा उमराह होता म्हणून तो सोडू नका. शिक्का पासपोर्टवर असतोच.

लपवू नका

चुकीची माहिती दिली किंवा महत्त्वाची गोष्ट दडवली, तर कॅनडा ५ वर्षांची बंदी घालू शकतो. एजंटने परस्पर खोटं लिहिलं तरी शिक्षा अर्जदाराला होते. सोबत न नेणारी मुलं, पहिल्या लग्नाची मुलं, यांची नावंही लिहावीच लागतात. आज नाव सोडलं तर उद्या त्याच मुलाला कुटुंब म्हणून बोलावता येत नाही. २२ वर्षांखालची अविवाहित मुलं अर्जात येतात. आई-वडील येत नाहीत, त्यांचा मार्ग वेगळा आहे.

वकील केव्हा लावावा

काही वेळा पैसे वाचवणं महागात पडतं. जुना गुन्हा किंवा चालू केस, आधी व्हिसा नाकारला जाणं किंवा देशातून परत पाठवलं जाणं, तोंडी तलाक किंवा खुला झाला पण कागद नाही, मुलांच्या ताब्याचा वाद, दत्तक किंवा नातेवाइकाचं सांभाळलेलं मूल, घरात कुणाला गंभीर आजार. यांतलं एकही असेल तर अर्जाआधी जाणकाराचा सल्ला घ्या. कॅनडा एकाच वेळी दोन बायकांना कुटुंब म्हणून स्वीकारत नाही, तिथेही स्वतःच्या अंदाजाने जाऊ नका.

पैसे घेऊन सल्ला देणारा कॅनडात वकील तरी हवा, नाहीतर नोंदणीकृत सल्लागार. सल्लागारांच्या कॉलेजची यादी ऑनलाइन आहे, तिथे नाव शोधा. ऑस्ट्रेलियासाठीही एजंटांची सरकारी नोंदवही आहे. अर्जाचा पासवर्ड आणि ईमेल आपल्याच हातात ठेवा. ‘गॅरंटीने पीआर’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून उठा. पीआरऐवजी कुणी नोकरीवर पाठवतो म्हणत असेल तर ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी तपासा. नोंदणीकृत भरती एजंटला ३० हजार रुपये अधिक जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही.

सुरुवात कुठून करावी

या महिन्यात घरातल्या प्रत्येकाचे पासपोर्ट, दहावीचं सर्टिफिकेट, आधार आणि जन्मदाखला एका टेबलावर मांडा आणि नावं-तारखा एका वहीत शेजारी शेजारी लिहा. फरक दिसेल तिथे खूण करा. पुढचे दोन-तीन महिने दुरुस्त्या, निकाहची नोंद आणि ट्रान्सक्रिप्ट यांत जातील. सोबत इंग्रजीची तयारी सुरू ठेवा. गुण काढून पाहा, आणि मगच प्रोफाइल भरा. निमंत्रणानंतरचे ६० दिवस फार कमी असतात. ज्यांची वही आधी तयार असते, त्यांना ते पुरतात.